हेअर ट्रान्सप्लांटनंतर केस कधी आणि कसे येतात : नाशिककरांसाठी महिनेवार माहिती

ट्रान्सप्लांट करून आलेल्या माणसाच्या पोटात खरा गोळा येतो तो साधारण तिसऱ्या आठवड्यात. लावलेले केस टॉवेलला चिकटून यायला लागतात, उशीवर दिसतात, अंघोळीत बोटांत येतात. पैसे पाण्यात गेले असं वाटून माणूस रात्र-रात्र मोबाईलवर दुसऱ्यांचे फोटो बघत बसतो. मी स्वतः यातून गेलोय. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली, कॉलेज रोडवरची, पिंपळगाव-निफाडकडची बरीच मंडळी ओळखीपाळखीतून हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने मांडतो.

गाभ्याची गोष्ट अशी की पहिले तीन महिने डोकं आधीपेक्षा वाईट दिसणार, हे ठरलेलंच आहे. त्या काळात घाबरून केलेले उपायच जास्त त्रास देतात. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद आणि हा लेख यांत कुठे फरक पडला, तर कागद पाळायचा.

आत नेमकं काय चालू असतं

डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या बाजूच्या केसांची मुळं टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत. म्हणून तर पुरतं टक्कल पडलेल्या माणसाच्याही मागे केसांची झालर उरते. ही मुळं पुढे नेऊन लावली तरी आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि आजही ट्रान्सप्लांट त्याच तत्त्वावर चालतं. मुळं एकेक करून सुटी काढली तर एफयूई. कातडीची पट्टी काढून तिच्यातून मुळं वेगळी केली तर एफयूटी. असं सुटं केलेलं एकेक मूळ किंवा मुळांचा पुंजका म्हणजे ग्राफ्ट, एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. पद्धत कुठलीही असो, पुढे केस येण्याचं वेळापत्रक जवळपास सारखंच राहतं.

मूळ काढलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. नव्या जागी पहिले काही दिवस ते आजूबाजूच्या द्रवावर तग धरतं, मग बारीक रक्तवाहिन्या त्याला येऊन जुळतात. या हादऱ्याने बहुतेक मुळं विश्रांतीत जातात. वर दिसणारा केस सोडून देतात आणि आत शांत पडून राहतात. केसांच्या चक्रातली ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची असते. त्यानंतर नवा केस सुरू होतो आणि महिन्याला साधारण १ सेंटीमीटर या गतीने वाढतो. पुढचे सगळे महिने याच दोन आकड्यांवरून येतात.

आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीवर हिरवं पान राहत नाही, नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या दिसतात. म्हणून कोणी बाग तोडून टाकत नाही. जीव खोडात आहे हे त्याला माहीत असतं.

पहिले दहा दिवस : फक्त सांभाळायचं

या दिवसांत काम एकच, लावलेली मुळं हलू द्यायची नाहीत. साधारण आठवडा ते दहा दिवसांत ती पक्की बसतात. तोवर पाठीवर झोपायचं, डोकं उंच ठेवायचं. दोन-तीन उशा आणि प्रवासात वापरतात ती मानेची उशी असली की कूस बदलली जात नाही. गळ्यातून घालायचे टी-शर्ट आणि बनियन बाजूला ठेवा, पुढे बटणं असलेला शर्ट वापरा. सलाईन स्प्रे दिला असेल तर सांगितलेल्या वेळांना मारत राहा.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळ सुजतं, काहींची सूज उतरत डोळ्यांपर्यंत येते आणि सकाळी आरशात चेहरा ओळखू येत नाही. भूल देताना टाकलेला द्रव खाली उतरत असतो, दोन-तीन दिवसांत तो जिरतो. बर्फ लावायचा तर कपाळावर कपड्यात गुंडाळून, ग्राफ्टवर अजिबात नाही.

डोकं धुणं हा या काळातला सगळ्यात नाजूक प्रकार, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिलं धुणं कधी ते डॉक्टर ठरवतात. बऱ्याच ठिकाणी ते क्लिनिकमध्येच करून देतात, तेव्हा घरातल्या एकाला सोबत न्या आणि नीट बघून घ्या. घरी करताना नखं कापलेली हवीत. बेबी शाम्पू मगमध्ये थोड्या पाण्यात फेसाळून घ्यायचा आणि नुसता फेस ओंजळीने डोक्यावर ठेवायचा. चार-पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा. मग कोमट पाणी तांब्याने, अगदी जवळून, बारीक धारेने सोडायचं. शॉवर नको, बादली डोक्यावर ओतणं तर नकोच. लावलेल्या भागाला टॉवेल लावायचा नाही, तो आपोआप सुकू द्यायचा. मागच्या बाजूला मऊ सुती कापड टेकवलं तर चालतं. तुमची सोसायटी बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर असेल तर एक अडचण येते. जड पाण्यात शाम्पूला फेस येत नाही आणि माणूस नकळत चोळायला लागतो. हे दोन आठवडे पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी काढून कोमट करून वापरा.

सातव्या-आठव्या दिवसापासून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, फेस लावून ठेवल्यानंतर बोटांच्या पेरांनी हलकेच गोल फिरवायचं. खपल्या भिजून सुटायला लागतात आणि दहा ते चौदा दिवसांत डोकं स्वच्छ होतं. नखाने खपली उचकटायची नाही. खाज रात्री जास्त सुटते. सहन होत नसेल तर डॉक्टरांना फोन करून औषध विचारा.

आता दुचाकी. हेल्मेट ग्राफ्टवर घासतं म्हणून ते साधारण दोन आठवडे घालता येत नाही, आणि हेल्मेटशिवाय गाडी चालवायची नाही. म्हणजे दुचाकी बंदच. रिक्षा किंवा सिटीलिंकची बस धरा. रिक्षात शिरताना वरच्या दांडीवर डोकं आपटतं, ते नेहमीचं असतं म्हणून लक्षात येत नाही. या दिवसांत आधी हात वर धरून मगच आत वाका. एमआयडीसीत शॉप फ्लोअरवर सेफ्टी हेल्मेट सक्तीचं असेल, किंवा फाउंड्रीसारख्या उष्णतेच्या जागी काम असेल, तर दोन आठवड्यांची रजा आधीच मंजूर करून घ्या. टेबलावरचं काम असलेले लोक त्याआधी रुजू होऊ शकतात.

सिगारेट आणि तंबाखू बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि नेमक्या याच दिवसांत मुळांना रक्ताची सगळ्यात जास्त गरज असते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे ही शिस्त पाळायची. मळलेली तंबाखू आणि गुटखाही यातच आला. "मी ओढत नाही, फक्त खातो" याने मुळांना काही फरक पडत नाही.

तिसरा आठवडा ते तिसरा महिना : गळतीचा काळ

लावलेले बारीक केस साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळतात. काहींचे सगळे जातात, काहींचे थोडे टिकून वाढतात. दोन्ही ठीक आहे.

गळालेला केस हातात घेऊन उजेडात बघा. टोकाला पांढरा बारीक ठिपका दिसेल. लोक यालाच मूळ समजतात आणि हादरतात. तो केसाच्या दांड्याचा सुटलेला शेवट असतो. केस पुन्हा तयार करणारा भाग खाली त्वचेत शाबूत असतो. रोजच्या विंचरण्यात गळणाऱ्या केसालाही असाच ठिपका असतो. ग्राफ्ट खरंच निघाला तर तो पहिल्या काही दिवसांत निघतो आणि त्या जागेतून रक्त येतं. तसं झालं तर स्वच्छ गॉझ हलका दाबून धरा आणि लगेच क्लिनिकला कळवा. तीन आठवड्यांनंतर रक्त न येता गळणाऱ्या केसाला ग्राफ्ट गेला असं म्हणत नाहीत.

आणखी एक प्रकार आधी माहीत असलेला बरा. लावलेल्या केसांच्या आजूबाजूचे तुमचे स्वतःचे जुने केसही काही वेळा गळतात. त्याला शॉक लॉस म्हणतात. मागच्या बाजूला, जिथून मुळं काढली तिथेही विरळ ठिगळ दिसू शकतं. हे केस बहुतेक वेळा काही महिन्यांत परत येतात. जे केस आधीच अगदी बारीक, अखेरच्या टप्प्यातले होते, ते मात्र गेले ते गेले असंही होतं. हाच तो काळ जेव्हा नातेवाईक भेटून म्हणतात, "अरे, काही फरक वाटत नाही." मनाला लागतं. पण तेव्हा फरक दिसायचाच नसतो.

डोक्याचा काही भाग बधिर वाटणं, मुंग्या येणं, हेही काही आठवडे ते काही महिने चालतं. बधिर जागेवर गरम पाण्याचा चटका कळत नाही. निफाडकडच्या थंडीत कढत पाण्याने डोकं धुवायची सवय असेल तर हाताने पाणी बघून घ्या.

दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात पुळ्या येतात. नवा केस त्वचेतून वर येताना अडतो आणि तिथे लाल पुळी होते. एखाद-दुसरी असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड टेकवून शेक द्या, फोडू नका. खूप पुळ्या, पू, वाढत जाणारी दुखी असेल तर डॉक्टरच.

आता न करायच्या गोष्टी, कारण घरचं प्रेम याच काळात उतू जातं. आई कोमट खोबरेल तेलाची वाटी घेऊन येते. पहिला महिना तरी तेल आणि मालिश नको. पुढे हवं तर डॉक्टरांना विचारून हलक्या हाताने लावा, पण माका असो वा जास्वंद, तेलाने झोपलेलं मूळ लवकर उठत नाही. कांद्याचा रस तर मुळीच नको. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात असल्याने कांदा घरात पोत्याने असतो, म्हणून हा सल्ला फार मिळतो. त्या रसाने ताज्या त्वचेची आग होते. डर्मा रोलर, जाहिरातीतलं सीरम, मित्राने सांगितलेली गोळी, यांतलं काहीही डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका.

करायची गोष्ट सांगतो. महिन्यातून एकदाच फोटो काढा. तीच खिडकी, तीच सकाळची वेळ, समोरून, वरून आणि दोन्ही बाजूंनी, केस कोरडे असताना. बाथरूमच्या एलईडी दिव्याखाली काढलेला फोटो चांगल्या डोक्यालाही टकलं दाखवतो. रोज आरशात शोधत बसलात तर काहीच दिसणार नाही.

चौथ्या महिन्यापासून

इथून वारं फिरतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हाताला खरखर लागते, मग बारीक, फिकट, जावळासारखे केस दिसतात. सगळे एकदम येत नाहीत. कपाळाच्या एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी, असं हमखास असतं. काहींना पाचव्या महिन्यापर्यंत वाट बघावी लागते. पहिले केस वाकडेतिकडे, तारेसारखे कडक येतात. वर्ष-दीड वर्षात ते जाड आणि मऊ होत बाकीच्यांत मिसळतात. मागचा केस पांढरा होता तर पुढेही पांढराच येणार.

सहाव्या महिन्यापर्यंत साधारण निम्मा परिणाम दिसतो. नवव्या ते बाराव्या महिन्यात भरगच्चपणा येतो, कारण तोवर केसांची लांबी आणि जाडी दोन्ही वाढलेली असते. टाळूवरचा भोवरा सगळ्यात उशिरा भरतो, त्याला पंधरा ते अठरा महिनेही लागतात. फक्त भोवऱ्यावर काम केलेल्यांनी आपली तुलना कपाळावर काम केलेल्या मित्राशी करू नये.

लग्न ठरत असेल तर हिशोब उलटा करा. मे महिन्यात लग्न असेल तर ट्रान्सप्लांट आदल्या वर्षीच्या मेमध्ये, फार तर जून-जुलैत व्हायला हवं. तुळशीच्या लग्नानंतर घाईघाईने करून मेमध्ये बोहल्यावर उभं राहिलात तर फोटोत अर्धवट केस येतील. लग्नाची घाई नसेल तर मला स्वतःला डिसेंबर-जानेवारी बरा वाटतो. घाम कमी, ऊन सौम्य, आणि एप्रिल-मेच्या उन्हापर्यंत त्वचा बरीच सावरलेली असते. तरीही पहिले तीन-चार महिने भर उन्हात डोकं उघडं ठेवू नका. सैल टोपी कधीपासून चालेल ते विचारून घ्या.

व्यायामाचं थोडक्यात. चालणं काही दिवसांत सुरू करता येतं, जिम साधारण तीन-चार आठवड्यांनी, पोहणं महिन्यानंतर.

सण, गोदावरी आणि क्षौर

नाशिकमध्ये रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेले मोठे हौद उघडतात. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडीत धप्पा (उडी) मारल्याशिवाय बऱ्याच जणांना सण झाल्यासारखं वाटत नाही. ट्रान्सप्लांटला महिना-दोन महिनेच झाले असतील तर या वर्षी काठावरून बघा. रंगाचं पाणी एकच, उतरणारे शेकडो, वरून उडी मारताना दुसऱ्याचं कोपर डोक्यात बसतं. कोरडा रंग आणि गुलालही नको, तो काढायला डोकं घासावं लागतं. रामकुंडातल्या बुडीचंही तसंच. त्वचा पूर्ण भरेपर्यंत नदीचं पाणी डोक्याला नको. २०२७ च्या कुंभमेळ्यात स्नान करायचं मनात असेल तर शस्त्रक्रियेची तारीख त्याच्या कितीतरी आधी घ्या.

सगळ्यात अवघड प्रश्न क्षौराचा. घरात कोणी गेलं आणि दशक्रियेला रामकुंडावर बसायची वेळ आली, तर लावलेल्या केसांवर वस्तरा फिरवायचा का? लोक हे विचारायला संकोचतात, म्हणून मुद्दाम लिहितो. पहिल्या महिन्यात अजिबात नाही. जखम ताजी असते आणि संसर्गाचा धोका खरा असतो. मुळं पक्की झाल्यावर केस कापल्याने मुळाला काही होत नाही, कारण ते त्वचेच्या आत असतं. पण वस्तऱ्याने नव्या त्वचेला काप बसू शकतो, म्हणून कात्री तीन-चार आठवड्यांनी, लावलेल्या भागावर मशीन साधारण तीन महिन्यांनंतर आणि वस्तरा त्याहूनही पुढे, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. मधल्या काळात प्रसंग आला तर गुरुजींना विधीच्या आदल्या दिवशी स्पष्ट सांगा की डोक्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. थोडे केस कात्रीने कापून चालेल का, ते विचारा. घरातल्या मोठ्यांनाही आधीच कल्पना द्या, म्हणजे घाटावर ऐनवेळी वाद होत नाही.

नेहमीच्या न्हाव्यालाही सांगून ठेवा. मागच्या बाजूला केस फार बारीक केले तर एफयूईचे पांढरे ठिपके किंवा एफयूटीची रेघ दिसते. डाय आणि मेंदी एक-दोन महिन्यांनंतर, तीही कानामागे थोडी लावून बघून.

गोळ्या आणि औषधं

ट्रान्सप्लांटने टक्कल पडणं थांबत नाही. लावलेले केस राहतात आणि त्यांच्या मागचे जुने केस जातच राहतात. मग काही वर्षांनी पुढे केसांची पट्टी आणि मागे मोकळं मैदान, असं दिसू शकतं. ते टाळायला डॉक्टर पुरुषांना फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी आणि मिनॉक्सिडिल सुचवतात. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती थोडी वाढते, ते अपेक्षित आहे. फिनास्टेराइडने काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, ताठरतेचा त्रास होतो, काहींचं मन उदास राहतं. असं वाटलं तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. घरात गर्भवती बाई असेल तर तिने तुटलेल्या किंवा कुस्करलेल्या गोळीला हात लावायचा नाही. फिनास्टेराइडची गोळी चालू असताना रक्तदान करू नये, बंद केल्यावरही किमान महिना थांबावं. प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना गोळी घेत असल्याचं सांगा, कारण आकडा जवळपास निम्मा दिसतो.

बायोटिनच्या गोळ्या बरेच जण मनाने घेतात. जास्त डोसमुळे थायरॉइड आणि हृदयाच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकू शकतात, तेव्हा लॅबमध्ये रक्त देण्याआधी ते सांगायला हवं.

डॉक्टरांना कधी गाठायचं

ताप, पू, दिवसागणिक वाढणारी दुखी, किंवा लावलेल्या भागात काळी पडत चाललेली त्वचा दिसली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. बाकी तपासण्या ठरलेल्या तारखांना. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हेअर ट्रान्सप्लांट प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं. त्यामुळे तपासणीच्या वेळी तंत्रज्ञ भेटून बोळवण करत असेल तर "मला डॉक्टरांनाच भेटायचंय" असं म्हणण्यात काही गैर नाही.

बारा महिने, आणि भोवऱ्यासाठी अठरा महिने, झाल्यावरही केस फारच विरळ असतील तर मासिक फोटो घेऊन बसा आणि कारण विचारा. कधी मुळं कमी जगलेली असतात, कधी मोठ्या जागेत ग्राफ्ट कमी पडलेले असतात, तर कधी नवे आले तेवढेच जुने गेलेले असतात. तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा आहे. दुसऱ्यांदा ट्रान्सप्लांट करायचं झालं तर मागे किती मुळं शिल्लक आहेत यावर सगळं ठरतं, ती काही पुन्हा उगवत नाहीत. म्हणून पहिल्याच वेळी क्लिनिककडून लेखी घ्या : एकूण ग्राफ्ट किती, त्यांत एक, दोन आणि तीन केसांचे किती, कुठून काढले, कुठे लावले. हा कागद फाईलला लावून ठेवा. पुढे डॉक्टर बदलावा लागला तर नवा डॉक्टर पहिल्यांदा तोच मागेल.